गुरुवारची पेटी

तुमची पेटी शाळेनं परत मागितली. सोमवारी लतीफभाई अंगणात येऊन उभे राहिले. तुमची गणाराधना, दिवसकार्याचं जेवण, उरकून पाहुणे नुकतेच पांगले होते, घर जरा मोकळं झालं होतं, तोच हा निरोप. येत्या रविवारी मुलं नळदुर्गच्या किल्ल्यावर जाणार आहेत, प्रथमोपचाराची पेटी ड्रिल मास्तरांच्या घरी राहिली आहे, ती पाठवून द्यावी, असं नव्या हेडमास्तरांनी कळवलं होतं. शाळेचे चपराशी म्हणून लतीफभाईंना निरोप आणणं भाग होतं, पण बोलताना त्यांची मान काही वर झाली नाही. मी दाराआडूनच म्हटलं, "आज नको. उद्या या."

नको म्हणताना मला रडू आलं नव्हतं, राग आला होता. नवरा गेल्यावर बाई रडते हे लोकांना कळतं. नवरा गेल्यावरही ती एका पत्र्याच्या पेटीवर जळते, हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही होता तेव्हा एवढं सलग बोलायची सोय नव्हती, आणि आता तुम्हाला "शाळेची वेळ झाली" म्हणून मध्येच उठता येणार नाही.

मी पहिल्या दिवसापासून जळत होते. सोलापूरची मुलगी मोगलाईत दिली म्हणून माझ्या मैत्रिणी हळहळल्या होत्या. मी त्यांना म्हणाले होते, नवरा निजाम सरकारच्या शाळेत मास्तर आहे, शिकलेला आहे, मला काय कमी पडणार? अणदूरला आले आणि आठवडा व्हायच्या आत कळलं की घरात सवत आधीच नांदते आहे. हिरव्या रंगाची, झाकणावर लाल फुली काढलेली. जेवायला बसताना सासूबाईंना तुम्हाला हात धुवायची आठवण करावी लागे, आणि पेटी उघडायच्या आधी तुम्ही आपण होऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचात. हे मी ओट्यावर ज्वारी पाखडत बघत असे.

दुखवट्याला जो आला तो काहीतरी दाखवून गेला. मळ्यातला तो थोराड पैलवान ओसरीवर बसला आणि सगळ्यांसमोर धोतर गुडघ्यावर सारून म्हणाला, "किल्ल्याच्या पायऱ्यांवनं घसरलो व्हतो. मास्तरांनी माझा पाय सोताच्या मांडीवर घिऊन बांधला बगा." किराणा दुकानदाराच्या भुवईत तुमच्या वेळची खूण निघाली. तांबोळ्यांच्या मुलानं अंगठा दाखवला, त्यात बाभळीचा काटा मोडला होता म्हणे, आणि तुम्ही तो काढेपर्यंत त्याला पाढे म्हणायला लावले होते. एकेक जण डोळे पुसत होता आणि आपापली जखम जपून परत धोतरात, बाहीत झाकून नेत होता. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, या सगळ्यांच्या अंगावर तुम्ही आहात. माझ्या अंगावर कुठंच नाही.

विळीवर माझं बोट कापलं होतं तो दिवस तुम्हाला आठवतो का? मला आठवतो. शेपूची भाजी चिरत होते. सासूबाईंनी हळद दाबली, वर चिंधी बांधली. तुम्ही शाळेतून आलात, तुमचे आप्पा ओसरीवर पान लावत बसले होते. तुम्ही खुंटीला टोपी अडकवलीत, माझ्या बोटाकडं बघितलंत आणि सासूबाईंना विचारलंत, "टिंचर लावलं का?" त्या म्हणाल्या, "हळद लावलीया." तुम्ही म्हणालात, "बरं." झालं. गावभरच्या मुलांचे धुळीचे पाय मांडीवर घेणारा माणूस माझ्या बोटापासून दोन हात लांब उभा राहून बरं म्हणाला आणि चहा प्यायला बसला. ती जखम पंधरवड्यात भरली आणि तिची खूणसुद्धा राहिली नाही. तुम्ही बांधली असतीत तर मी ती खाजवून खाजवून ठेवली असती.

तसं बघितलं तर आपल्या घरात दुसरं काय होणार होतं? दिवसाउजेडी नवरा-बायकोनं समोरासमोर बसून बोलायची रीत नव्हती. तुम्हाला पाणी द्यायचं तर तांब्या खाली ठेवून मागं सरायचं. काही सांगायचं असलं तर ते भिंतीला नाहीतर म्हशीला सांगायचं, तुम्ही ऐकायचं. आमच्या सोलापुरात एवढं नव्हतं. सुरुवातीला मी एकदा तुम्हाला सरळ "अहो" म्हणून हाक मारली तर शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

फक्त गुरुवारी वेगळं होतं. तेव्हा सुट्टी जुम्म्याची असायची, म्हणून गुरुवारी शाळा सुटली की तुम्ही पेटी काखोटीला मारून घरी यायचात आणि ओसरीवर घोंगडी टाकून ती उपसायचात. उद्या सहल आहे, पेटी भरायला हवी. आणि मला हाक यायची. आप्पांनी एकदा विचारलं होतं, "बायकूला कशाला बशिवलंय म्होरं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पट्ट्या गुंडाळायला दोघं लागत्यात आप्पा. सरकारी काम हाय." सरकारी म्हटल्यावर मोगलाईत कोण बोलणार! आप्पा घाईघाईनं पानाचा डबा घेऊन लिंबाखाली जाऊन बसले.

ती पेटी मला तोंडपाठ आहे. तळाशी बांबूच्या तासलेल्या कामट्या, हात मोडला तर बांधायला. त्यावर तिकोनी फडकी, हाताची झोळी करायला. मग कापूस, बोरिक पावडर, परमँगनेटच्या खड्यांची बाटली. एका कोपऱ्यात मीठ-साखरेची पुडी आणि कांदा, उन्हानं कुणाला भोवळ आली तर. सगळ्यात वर चिमटा, सुई, टिंचरची बाटली आणि हाताला लागतील अशा दोन पट्ट्या. तुम्ही म्हणायचात, "घाबरलेला हात हुडकत बसत न्हाय. जे आधी लागतंय ते वर पायजे." सासूबाई जाता-येता त्यात विभूतीची पुडी टाकत. ती तुम्ही कधी काढली नाहीत. माझी हळदीची पुडी मात्र प्रत्येक वेळी बाहेर काढलीत, डाग पडतात म्हणून. मी ती प्रत्येक वेळी परत टाकली.

टिंचर माझ्या माहेराहून यायचं. दिवाळीला मला आणायला आलात की सोलापुरात बाटली घ्यायची आणि येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर हुज्जत घालायची. नाक्यावरचा कारकून बाटली नाकाशी धरून विचारी, दारू आहे काय? एकदा तुम्ही त्याला टिंचर म्हणजे काय हे इतकं समजावून सांगितलंत की शेवटी त्यानं विजार वर करून पोटरीवरचं गळू दाखवलं. तिथंच नाक्याच्या पायरीवर बसून तुम्ही ते साफ केलंत. गाडीत मी नव्या लुगड्यात, माहेर सोडून आल्याच्या दुःखात. मला वाटलं, मीच का नाही त्या कारकुनाच्या जागी.

पट्ट्यांना नवं कापड चालत नसे. धुऊन धुऊन विटलेलं, अंगावर मऊ झालेलं लुगडं लागे, म्हणजे माझंच. मी ते फाडायचं, उकळायचं, उन्हात वाळवायचं आणि तांब्यात निखारे घालून तो त्याच्यावर फिरवायचा. मग गुंडाळायची वेळ. एक टोक मी ताणून धरायचं, दुसरं तुम्ही गुंडाळत गुंडाळत पुढं सरकायचं. पट्टी सैल पडली तर "धर नीट" म्हणायचात. शेवटी शेवटी तुमची बोटं माझ्या बोटांशी येऊन थांबायची आणि मग टाचणी शोधायला तुम्हाला फार वेळ लागे. मी मनात म्हणायची, एवढा शिस्तीचा माणूस, टाचणी कशी जागेवर ठेवत नाही?

आणि ते डोळे मिटणं! पेटी भरून झाली की तुमचा हुकूम सुटे, "डोळे मीट अन् चिमटा काढ." मी डोळे मिटून हात घालायची. तुमचा हात आधीच आत असायचा, काहीतरी नीट लावत. "आता सुई. आता पावडर." मी चुकले की पुन्हा. मी एकदा चिडून विचारलं, "मला कशाला परीक्षा? मी काय किल्ल्यावर येणार आहे?" तुम्ही म्हणालात, "शिकलेलं वाया जात न्हाय." मला किल्ला बघायचा होता. पाणीमहालावरून बोरी नदीचं पाणी कोसळतं ते तुमच्या मुलांनी किती वेळा बघितलं. मी विचारलं तेव्हा तुम्ही बघू म्हणालात. ते बघू अजून तसंच आहे.

कात्रीचं भांडण तर सगळ्या घराला माहीत आहे. माझ्या आईनं दिलेली शिवणाची कात्री, पितळी मुठीची. तुम्ही ती एका गुरुवारी पट्टी कापायला घेतलीत आणि पेटीत ठेवून दिलीत. मी मागितली. तुम्ही म्हणालात, पुढच्या गुरुवारी देतो. पुढच्या गुरुवारी म्हणालात, कात्रीशिवाय पेटी म्हणजे काय पेटी? मग दर गुरुवारी मी मागायची आणि तुम्ही द्यायची नाही. मी चोळ्या शेजारणीच्या कात्रीनं बेतल्या. माझं लुगडं पेटीत, माझी कात्री पेटीत, माझा नवरा पेटीत, मला वाटे, आता मलाच तेवढं घडी घालून तिच्यात ठेवा.

जुम्म्याला पहाटे तुम्ही पेटी घेऊन निघायचात. कधी दिवस बुडता परत यायचात, पायाला धूळ, तोंडावर ऊन. पण पुष्कळदा उन्हं वर यायच्या आधीच परत. मुलं आली नाहीत. हेडमास्तरांना वेळ नाही. नदीला पाणी आहे. सहल रद्द. मी म्हणायची, कसली ही शाळा, धड एक सहल ठरवता येत नाही यांना.

रझाकारांच्या दिवसांत तर हद्द झाली. सहली बंद, रस्ते बंद, लोक पोरंबाळं घेऊन सोलापूरकडं चाललेले. आणि गुरुवारी संध्याकाळी तुम्ही ओसरीवर पेटी उपसून बसलेले! मी म्हटलं, "माणसं गाव सोडून चाललीत आणि तुम्हाला चिमट्याची पडली आहे." तुम्ही म्हणालात, "वरनं हुकूम हाय. पेटी तयार ठेवा म्हणून." मी म्हटलं, "मग पेटीशीच लग्न करायचं होतं." तुम्ही पट्टीचं टोक माझ्याकडं केलंत. मी ते धरलं, पण तोंड फिरवून. ते भांडण तिथंच राहिलं. मग पोलीस अॅक्शन झाली, निजामी गेली, सुट्टी जुम्म्याची रविवारवर गेली. तरीही तुम्ही पेटी गुरुवारीच आणत राहिलात. हाताला सवय पडली आहे, म्हणालात.

तुमच्या शेवटच्या, मुदतीच्या तापात पेटीतलं काहीच कामाला आलं नाही. मी तळापर्यंत उपसली. शेवटी त्याच पट्ट्या सोडल्या, गार पाण्यात बुडवल्या आणि तुमच्या कपाळावर ठेवत राहिले. दिवसाउजेडी, आप्पांसमोर, शेजाऱ्यांसमोर मी तुमच्या उशाशी बसले होते आणि मला कुणी ऊठ म्हणालं नाही. सगळे ताप उतरत नाही म्हणून रडत होते. मीही रडत होते. पण खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कुणाच्या गुडघ्याचे नव्हता, कुणाच्या अंगठ्याचे नव्हता. माझे होता. मला ते हवंहवंसं वाटलं.

आपला खंडोबा वर्षातून एकदा नळदुर्गाला जातो. दोन्ही गावची माणसं बसतात, बोली होते, अमक्या दिवशी देव परत, मग तो हलतो. तो गेला की अणदूरच्या बायका रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडताना नळदुर्गाच्या बायकांवर जळतात, मी त्यांच्यातलीच झाले आहे. पण देव तरी बोली करून जातो. तुम्ही काही न ठरवता गेलात.

मंगळवारी लतीफभाई पुन्हा आले तेव्हा पेटी ओसरीवर होती आणि मी तिच्या शेजारी. सासूबाई आत होत्या. मी ठरवलं होतं, द्यायची नाही. शाळा दुसरी करील. मी म्हटलं, "लतीफभाई, साहेबांना सांगा, दर जुम्म्याला नवरा दिला होता तुमच्या शाळेला. आता पेटी तरी घरात राहू द्या."

ते गोंधळले. "दर जुम्म्याला? भाभी, सहल तर चार-दोन म्हैन्यातनं एखादी व्हायची."

"रद्द व्हायच्या ना बाकीच्या."

"रद्द कशी व्हईल? ठरलेलीच नसायची." मग ते लिंबाकडं बघत हळूच म्हणाले, "मास्तर जुम्म्याला सुबू सुबू माझ्या घरी येऊन चाय पियाचे. पेटी बाजूला ठिवून. मी बोलायचो, मास्तर, सुट्टीला कायको उठते जी? तर बोलायचे, घरात सांगून आलोय सहल हाय म्हणून. जरा बसतो, मग जातो."

मला आधी काही कळेना. मी विचारलं, "आणि तो हुकूम? रझाकारांच्या वेळचा?"

"कसला हुकूम? तवाच्या साहेबांना पेटीचा रंग बी ठाऊक नव्हता, भाभी." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मी एकदा विचारलं, मास्तर, मग जुमेरातला ही पेटी घरी कायको नेते? हसले. बोले, लतीफ, पेटी भरायची म्हणलं की घरात समोर बसायला मिळतंय."

लतीफभाई उभेच होते आणि मी पेटीच्या कडीकडं बघत बसले. मग मला पहिल्यांदा काय आलं असेल, तर राग. मला सांगायचं होतंत. आप्पांना फसवलंत, शाळेला फसवलंत, ते समजलं. पण चोरून भेटायला येणाऱ्यानं निदान जिला भेटतोय तिला तरी सांगावं. इतके गुरुवार आपण भेटत होतो आणि मला ते माहीत नव्हतं.

आता पैलवानाच्या गुडघ्यावर मी जळत नाही. कारकुनावर नाही, मुलांवर नाही, पेटीवर तर नाहीच. आता मला एकाच बाईचा हेवा वाटतो. ती घोंगडीवर तोंड फुगवून बसायची. तिच्यासाठी तुम्ही पहाटे उठून दुसऱ्याच्या घरी चहा पीत वेळ काढायचात. तुमचा हात पेटीत तिच्या हाताची वाट बघायचा, आणि ती डोळे मिटून चिमटा शोधायची. तिच्याजवळ सगळं होतं. तिला ते कळलंसुद्धा नाही आणि मला कळलं तेव्हा माझ्याजवळ ती जागा नाही.

मी डोळे पुसले आणि लतीफभाईंना म्हटलं, "पेटी न्या. पण बोलीवर. भरायला ती दर आठवड्याला माझ्याकडं आली पाहिजे."

"आणतो की भाभी. शनवारी आणतो. आता सुट्टी इतवारची हाय."

"शनिवारी नाही. गुरुवारी."

"जुमेरातला? पण दुसऱ्या दिवशी शाळा असती. सहल कुठली व्हती?"

"सहल असो नसो. गुरुवारी."

त्यांनी मान डोलावली. पेटी उचलून काखोटीला मारली, अगदी तुमच्यासारखी, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

आज गुरुवार. दिवस कलायच्या सुमाराला ते पेटी ठेवून गेले. मी ओसरीवर घोंगडी टाकली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि लुगड्याची फाडून उकळलेली पट्टी घेऊन बसले. एक टोक हातात धरलं. दुसरं तसंच घोंगडीवर पडलं होतं. पट्टी एकटीनं गुंडाळायला गेलं की ती सैल पडते, तुम्ही सांगायचात तेव्हा मला ते निमित्त वाटत नव्हतं, मंगळवारी कळलं की निमित्तच होतं, आणि आता कळलं की ते खरंही होतं. मी दोनदा गुंडाळली, दोनदा सुटली.

तेवढ्यात सासूबाई चुलीपासून उठून आल्या, गुडघ्यावर हात देत माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी दुसरं टोक उचललं. "आन हिकडं. एकटीनं व्हत न्हाय ती." मी त्यांच्याकडं बघितलं. त्या पट्टी ताणत म्हणाल्या, "बगतीस काय? म्या काय आंधळी व्हते व्हय? सरकारी काम म्हनं!" आणि पदरानं नाक पुसून गुंडाळत पुढं सरकल्या.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. लतीफभाईंना ठाऊक, सासूबाईंना ठाऊक, लिंबाखाली जाऊन बसणाऱ्या आप्पांनाही कदाचित. मलाच तेवढं नव्हतं, आणि आता त्या सगळ्यांचाही हेवा वाटायला लागला आहे, बघा.

पेटी भरून झाली. कामट्या, फडकी, कापूस, विभूती, आणि माझी हळदीची पुडीसुद्धा. काढायला कुणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "कात्री घी की काढून आता. तुजी हाय." मी हात घातला. डोळे मिटूनसुद्धा ती पहिल्या झटक्यात सापडली असती. पण मी पेटी तशीच लावून टाकली. कात्री मी परत घेणार नाही. घेतली तर आपलं भांडण मिटेल.